वाळू लागेपर्यंत

बाभळीखाली सात दगड होते. पाच काळे, दोन तांबूस. सर्वांत मोठा विटेएवढा, सर्वांत लहान मुठीएवढा. सातही दगडांना शेंदूर, पुढ्यात हिरव्या बांगड्यांचे तुकडे, विटलेला एक खण, सुकून टणक झालेली तीन लिंबं आणि नारळाच्या दोन करवंट्या. मोजून झाल्यावर मी उभी राहिले आणि नदी कुठे दिसते का ते पाहिलं. दिसला तो ऊस. उसापलीकडे, बराच खाली, झाडांची एक गडद रांग होती. तांबणी नदी तिच्यामागे वाहत असणार.

"आसरा हायत," सरपंच म्हणाले. "साती आसरा. पाण्यातल्या देवी."

"पाण्यातल्या देवी इतक्या वर कशाला आल्या, आण्णा?"

"आता देवाची बदली कुठं व्हावी ते काय आमच्या हातात हाय व्हय, मॅडम? आमच्या हातात ग्रामसेवकाचीबी न्हाई."

आण्णासो चौगले पन्नाशीचे, अंगानं दणकट. हसतहसत समोरच्याला कामाला लावायची त्यांची पद्धत होती. त्यांनी गायरानावरून हात फिरवला. सपाट, मोकळी, डांबरी सडकेला लागून असलेली जागा. खुंट्या ठोकून, चुन्याच्या फक्कीनं रेषा मारून आखणी झाली होती. अडतीस घरं, दोन गल्ल्या, कोपऱ्यात अंगणवाडी.

"फकस्त तुमची सही राहिलीया," ते म्हणाले. "ती झाली की नारळ फोडायचा."

त्या वर्षी मी भूशास्त्रात एम.एस्सी. करून जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात कंत्राटावर लागले होते. काम असं होतं, की तालुक्यातल्या नदीकाठच्या प्रत्येक गावात जायचं, आजवर काय काय आपत्ती आल्या ते विचारायचं, पाणी कुठवर चढलं ते मोजायचं आणि पुढे कुठवर चढू शकेल याचा अंदाज लिहायचा. कोंडवळे हे त्यातलं सर्वांत अवघड गाव. तांबणी इथे कोपरासारखी वळते आणि त्या कोपराच्या आत गावाची खालची आळी वसलेली. अलीकडच्या वर्षांत ती दोनदा पाण्याखाली गेली होती. लोकांना हलवायचं ठरलं, पैसे मंजूर झाले, जागाही ठरली. मार्चअखेर काम सुरू झालं नाही तर मंजुरी परत जाणार होती. नवी जागा पुरापासून सुरक्षित आहे, एवढं मी लिहून द्यायचं होतं.

कागदावर अडचण काहीच नव्हती. पुलाच्या खांबावर पाणी मोजायची पट्टी होती आणि गेल्या पन्नासेक वर्षांची तिची नोंद होती. त्यातल्या सर्वांत मोठ्या पुरातही पाणी गायरानाच्या बांधाखालीच थांबलं होतं. तरी मी सही केली नाही. त्या दगडांचं कारण मला कळलं नव्हतं, आणि कारण न कळलेली गोष्ट दातात अडकलेल्या सुपारीसारखी मला दिवसभर छळते.

"दोन दिवस द्या," मी म्हणाले.

"दोन घ्या. पर तिसऱ्या दिवशी मगदूम सायेब येणार हायत. त्यांच्यासमोर न्हाई म्हणू नका, त्यांचं बीपी वाढतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या आळीत गेले. पहिल्याच घरात हौसाक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, काटक, नजर तेज. त्यांच्या मागच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर एक मळकट रेघ गेली होती. चुना दोन वेळा लावूनही ती दिसत होती.

"बस," त्या म्हणाल्या. "च्या कसला? दुधाचा का कोरा?"

"कोणताही चालेल, आक्का."

"चालंल म्हणू नगंस. मागच्या टायमाला आलेला सायेब चालंल म्हणला आन् निम्मा कप ठेवून गेला. संगीता, दुधाचा टाक गं."

आतून सून हसली. संगीता तिशीतली, उसाच्या तोडीला जाणारी, हात माझ्या दुप्पट रुंद. चहा झाल्यावर मी आसरांचं विचारलं. हौसाक्कांनी शेंगांची पाटी बाजूला सारली.

"पूर आला की आमी बायका वटी भराय जातो. पाणी जिथं येऊन थटलंय तिथं. खण, नारळ, बांगड्या सोडायच्या. म्हणायचं, आई, आलीस, चार दिवस राह्यलीस, माहेरपण झालं, आता जा. मग पाणी वळलं की त्या जागंला सात दगडं मांडायची. हितवर आलीस, ह्याच्या म्होरं येऊ नगंस, असं."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे जिथे दगड, तिथवर पाणी आलं होतं?"

"मग काय सांगतोय?"

"गायरानातल्या आसरा कुठल्या पुरातल्या?"

"त्या मी नांदायला आले तवापासनं हायत. त्यांची गोष्ट आण्णाला इचार, त्यो रंगवून सांगतोय." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू त्या दगडांच्या मागं का लागलीयास? तुझी सही राहिलीया म्हणं."

"जागा बरोबर आहे का ते बघतेय, आक्का."

"जागा बरोबर हाय. कोपऱ्यावरचा पलाट माझा. खुटी म्या सोता ठोकलीया." त्यांनी हाताचे पंजे माझ्यापुढे धरले. बोटं पेऱ्यांत वाकडी झाली होती. "ह्या हातांनी दोनदा घर उभं केलं, दोनदा नदीनं बुडवलं. आता तिसरं बांधायचं ते एकदाच. पुन्यांदा बांधायला माझ्यात काय राह्यलं न्हाई. तवा तू सही कर आन् मोकळी हो, लेकी."

मी त्यांच्या घरातून निघाले ते थेट गायरानात. लेव्हलची दुर्बीण लावून दगडांची उंची काढली. आखलेल्या अडतीसच्या अडतीस घरांच्या जागा त्या दगडांपेक्षा खाली होत्या. हौसाक्कांचा कोपरा तर सगळ्यांत खाली.

तिसऱ्या दिवशी शाखा अभियंता मगदूम साहेब आले. निवृत्तीला आलेले, बारीक, डोळ्यांवर काळा चष्मा. तालुक्यातला प्रत्येक बंधारा आणि त्यातली प्रत्येक गळती त्यांना माहीत आहे, असं लोक म्हणायचे. बाभळीच्या सावलीत उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. ओटीची चाल, दगडांची उंची, घरांची उंची. सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा.

मगदूम साहेबांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच जमिनीकडे बघत हसत होते.

"मॅडम, तुमी आधी मला इचारलं असतं तर दोन दिस वाचलं असतं. ह्या आसरा हितल्या न्हाईतच."

"म्हणजे?"

"ह्या नदीकाठच्या. आमच्या बापानं नदीवर पाणी उपसायचं इंजिन बसवलं, गावातलं पहिलं. मी तवा जन्मलोबी न्हवतो. इंजिनाच्या जागंवरच ह्या हुत्या. मग वाजतगाजत हलवल्या. बँड, हलगी, सगळ्या गावाला जेवण. बाप मरंपतोर दर दिवाळीला सांगायचा."

मगदूम साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शिरगुप्पे मॅडम, सरकारी माणसाची बदली झाली म्हणजे त्याच्या नव्या ऑफिसात पूर आला असं होत नाही."

दोघंही हसले. दोन दिवसांचं मोजमाप, दिवसभर उन्हात लावलेली लेव्हल, सगळं गेलं होतं. मी पिशवीतून अहवाल काढला. सहीची जागा कोरी होती. पेनाचं टोपण काढताना केवळ काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "एवढ्या वर का आणल्या पण? नदीकाठीच थोडं सरकवायचं."

"अवो, सरकवून कसं चालंल," सरपंच म्हणाले. गोष्ट त्यांच्या आवडीची होती, चेहराच खुलला. "आसरा वाळूबिगर बसत न्हाईत. वाळू त्यांचं अंथरूण. आन् ती आणून टाकलेली चालत न्हाई, जागंवरची लागती. खणायचं, वाळू लागली तर बसवायचं, न्हाई तर दुसरी जागा. बापानं कुठं कुठं खणलं. शाळंच्या माळावर खणलं, मुरूम. पांदीच्या वाटंला खणलं, मुरूम. काठाच्या जमिनी ज्याच्या त्याच्या, पिकातली जागा कोण देणार? शेवटी हितं गायरानात खणलं. कमरंएवढा खड्डा झाला आन् वाळू. पांढरीफेक. बाप म्हणायचा, म्हातारी माणसं रडली. देवीनं जागा दावली म्हणून."

मी पेनाला टोपण लावलं.

"आण्णा, इथे वाळू निघाली?"

"हितंच. ह्याच दगडांच्या बुडाला."

"मग ती इथे कुणी आणून टाकली होती?"

सरपंचांनी वाकून दगडांच्या बुडाकडे पाहिलं. आयुष्यभर ती गोष्ट त्यांनी ऐकली होती, आणि बहुतेक हजारदा सांगितली होती.

मगदूम साहेबांकडे मात्र उत्तर तयार होतं. "जुनं पात्र असेल. नद्या जागा बदलतात, हे तुम्ही मला शिकवायचं की मी तुम्हाला? दहा हजार वर्षांपूर्वी तांबणी इथून वाहत असेल. त्याचा आजच्या पुराशी काय संबंध?"

प्रश्न बरोबर होता. त्या प्रश्नाला दगडांकडे पाहून उत्तर मिळणार नव्हतं.

"खणून बघू," मी म्हणाले. "दगडांपाशी नाही, तिथलं एकदा उकरलेलं आहे. आखलेल्या घरांच्या जागेत खणू. जुनं पात्र असेल तर वाळूखाली गोटे लागतील आणि मग खडक. पुरानं आणलेली वाळू असेल तर तिच्याखाली पुन्हा माती लागेल."

"आन् काय न्हाईच लागलं तर?" सरपंचांनी विचारलं.

"तर त्याच खड्ड्यात बसून सही करते."

"मगदूम सायेब साक्षीदार," ते म्हणाले.

खणायला संगीता आली आणि तिच्या आळीतल्या आणखी दोघी. जागा मी निवडली ती कोपऱ्यावरची, हौसाक्कांच्या खुंटीपासून हातभर अंतरावर. टिकावाच्या पहिल्या घावाला वरची माती ढेकळांनी सुटली. संगीता खाली वाकून खणत होती आणि मधेच मान वर करून म्हणत होती, "ताई, सासूला कळलं तर ती मला ह्याच खड्ड्यात पुरंल."

गुडघाभर खोलीला मातीचा रंग बदलला. पिवळट, मऊ, बोटांत पिठासारखी. गाळ. मी खड्ड्याची एक बाजू खुरप्यानं सरळ तासून घेतली. त्याच्याखाली वाळू लागली. वर बारीक आणि जसजसं खाली जावं तसतशी जाड. जोरात आलेलं पाणी मंदावताना आधी जड कण टाकतं, मग हलके. तोच क्रम माझ्यासमोर भिंतीवर उभा होता, वितीभर जाडीचा.

वाळूखाली गोटे नव्हते. काळी माती होती.

मगदूम साहेब खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. त्यांनी वाळू चिमटीत घेतली, काळी माती चिमटीत घेतली, दोन्ही हुंगल्या.

"पूर," ते म्हणाले. "कबूल. पण कधीचा? ही माती हजार वर्षांपूर्वीही इथे असू शकते. हजार वर्षांत एकदा आलेल्या पाण्यासाठी मी अडतीस घरांची मंजुरी परत पाठवायची? वरचे लोक मला वेड्यात काढतील, आणि ते बरोबर असतील."

हाही प्रश्न बरोबर होता. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ते मला हरवायला बघत नव्हते. काळाचा पुरावा मागत होते.

दुपारभर मी त्या काळ्या मातीची वरची कड साफ करत बसले. खुरपं बाजूला ठेवून रंगाचा जुना ब्रश घेतला. आधी वाटलं कड वेडीवाकडी आहे. मग दोन पावलं मागे सरून पाहिलं. वेडीवाकडी नव्हती. उंचवटा, खळगा, उंचवटा, खळगा. प्रत्येक खळग्यात वाळू भरलेली. सगळे खळगे सारख्या अंतरावर, जणू कुणी फणी फिरवावी तसे.

"आण्णा, खाली या जरा."

सरपंच चपला काढून खड्ड्यात उतरले. त्यांनी आपली वीत एका खळग्यावर ठेवली, मग दुसऱ्यावर. मग गुडघ्यांवर बसून अख्ख्या भिंतीवरून हात नेला.

"हे तास हायत," ते हळू आवाजात म्हणाले. "नांगराचे तास. कुणीतरी हितं नांगरट केलीया."

"आणि नांगरलेल्या रानावर वाळू येऊन पडली."

"व्हय. पेरायच्या आदीच."

बायका खणायच्या थांबल्या होत्या. काठावरून मगदूम साहेब म्हणाले, "पुढे?" आवाजातला तिरकसपणा गेला होता.

पुढचं संगीताच्या टिकावाला लागलं. काळ्या मातीतून ढेकूळ सुटलं आणि त्यात काहीतरी गंजकं, अर्धचंद्रासारखं चिकटून आलं. मी ते ब्रशनं झाडलं. लोखंडाची पातळ पट्टी, तिला भोकं, एका भोकात अजून खिळा. मी ती सरपंचांना दिली. त्यांनी ती तळहातावर उलटीपालटी केली.

"पत्री हाय ही. बैलाच्या खुराला ठोकतात ती."

"कधीपासून ठोकतात?"

"खडीचे रस्ते झाले तवापासनं. मातीत चालणाऱ्या बैलाला पत्री कशाला लागती? आमचा आज्जा सांगायचा, त्याच्या बापाच्या वेळला ही सडक झाली. त्याच्या आदी सगळी मातीची पांदच."

मगदूम साहेबांनी हात पुढे केला. सरपंचांनी पत्री त्यांच्या हातात ठेवली. साहेबांनी ती रुमालात गुंडाळून मला परत दिली, दोन्ही हातांनी.

"हजार वर्षं नाहीत," ते म्हणाले. "चार पिढ्या. फार तर पाच. पट्टीची नोंद सुरू व्हायच्या आधीचा, म्हणून कागदावर नाही." मग चष्मा लावून गायरानाकडे बघत राहिले. "मी या आखणीवर सही केलीय, मॅडम. मागच्या महिन्यात. ती मला खोडावी लागेल."

"मी अहवालात कारणं नीट लिहीन, साहेब."

"लिहा. आणि वाळूची जाडी लिहायला विसरू नका, वर तेच आधी विचारतील."

मला त्या क्षणी खड्ड्यातच बसून गाणं म्हणावंसं वाटत होतं. प्रत्यक्षात मी टेप घेतली आणि वाळूची जाडी चार ठिकाणी मोजली.

खरी लढाई ग्रामसभेत झाली. शाळेच्या मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या आणि खालची आळी सगळीच्या सगळी आली होती. सरपंचांनी पर्याय मांडला. शाळेमागचा माळ. उंच होता, पण उघडा होता. झाड नाही, विहीर नाही, सडकेपासून आत.

हौसाक्का पहिल्या उठल्या. "त्या माळावर शेरडंबी थांबत न्हाईत. आमी काय करायचं तिथं? खडी खायची?"

मागून कुणीतरी म्हणालं, "खडी फोडून इकायची."

हशा पिकला. हौसाक्का हसल्या नाहीत. "ही पोरगी चांगली हाय, माझ्या घरात च्या प्यालीया, पुरा कप. पर तिचं वय किती, आन् माझं किती? मी कवा गायरानात पाणी बघितलं न्हाई. माझ्या सासूनं बघितलं न्हाई."

मला उत्तर द्यायचं होतं. तक्ता तयार होता, आकडे तयार होते. मी उठायच्या आत सरपंच उठले.

"आक्का, ऐक माझं. माझ्या बापानं आसरा हलवल्या त्या तुला ठावं हाय."

"सासरा सांगायचा. पैल्यांदा ऐकत न्हाई मी."

"बापानं गायरानात खणलं, वाळू लागली. सगळे म्हणले, देवीनं जागा दावली. मीबी म्हणलो, जन्मभर म्हणलो. देवीनं जागा दावलीच. ती सांगत हुती, मी हितवर आले हुते. आमी आयकलं, हितं रहावा." त्यांनी घाम पुसला. "बापाच्या हाताला चूक न्हवती. आमच्या डोक्याला हुती. त्या खड्ड्यात म्या माझ्या हातानं तास मोजलेत, आक्का. कुणाचंतरी नांगरलेलं रान हाय तिथं, वितीभर वाळूखाली. तू म्हणतीस एकदाच बांधणार. मग ते वाळूवर बांधू नगंस."

हौसाक्का उभ्याच होत्या.

"मला दाव," त्या म्हणाल्या.

अख्खी ग्रामसभा गायरानात गेली. संगीतानं सासूला हात दिला आणि त्या खड्ड्यात उतरल्या. त्यांनी भिंतीवरून बोटं फिरवली, वरपासून खालपर्यंत, मातीतून गाळात, गाळातून वाळूत. वाळूपाशी बोटं थांबली. त्यांनी तिथली मूठभर ओरबाडून काढली, उन्हात धरली आणि हळूहळू सोडून दिली.

"नदीचीच हाय," त्या म्हणाल्या. मग वर पाहून सरपंचांना, "माळावर पाणी कोण देणार?"

"टाकी बांधून देतो."

"कवा?"

"घरांच्या आदी."

"लिहून दे."

मगदूम साहेब काठावरून म्हणाले, "माळावर खडक आहे, पाया कमी खोल लागेल. तिथे जे वाचेल त्यात टाकीचं बसवतो मी. आजच नकाशा काढायला घेतो."

"आन् झाडं?" हौसाक्कांनी विचारलं. आता त्या फक्त आपल्याला काय काय मिळवता येईल ते बघत होत्या.

"झाडं तुमी लावायची, आक्का," सरपंच म्हणाले. "ते सरकारला जमत न्हाई."

हात वर करायला सांगितले तेव्हा खालच्या आळीतल्या बायकांचे हात आधी वर गेले. मी मोजत होते आणि मोजताना दोनदा चुकले, कारण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. संगीतानं खड्ड्यातूनच दोन्ही हात वर केले होते. तिचा एकच धरायचा, असं मगदूम साहेबांनी मला बजावलं.

मार्च संपायच्या आत माळावर नारळ फुटला. माझं कंत्राट संपलं, मी दुसऱ्या जिल्ह्यात लागले. सरपंचांचे फोन अधूनमधून यायचे. टाकी भरली. अंगणवाडीवर पत्रा बसला. हौसाक्कांनी शेवगा लावला, तो जगला, शेजारणीनं शेंगा तोडल्या म्हणून भांडण झालं, ग्रामपंचायतीत तक्रार आली.

त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात तांबणीनं पुलावरची पट्टी बुडवली. आजवरच्या नोंदीत पाणी तिथवर कधीच गेलं नव्हतं. पाणी उतरायला लागल्यावर मी रजा टाकून कोंडवळ्याला गेले. खालच्या आळीत फक्त छपरांची टोकं दिसत होती, आणि त्या छपरांखाली कुणी राहत नव्हतं. गायरानातल्या बाभळीचा बुंधा अजून पाण्यात होता. सडकेवरून रबरी होडी चालली होती.

माळावर चुली पेटलेल्या होत्या. शेजारच्या गावांतली माणसं तिथे आसऱ्याला आली होती आणि हौसाक्का दारात बसून कुणी कुठे झोपायचं ते सांगत होत्या.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "च्या कसला? दुधाचा न्हाई, दूधवाला पलीकडं अडकलाय."

"कोराच द्या, आक्का. पुरा कप."

मगदूम साहेब निवृत्त झाले होते, तरी आले होते. लेव्हल त्यांनी लावली. आकड्यांची उभी दांडी संगीतानं धरली. ओल्या गाळाच्या खुणेवरून पाण्याची सर्वोच्च पातळी घेतली, मग माझ्या जुन्या वहीतून गायरानातल्या कोपऱ्यावरच्या प्लॉटची उंची, मग माळावरचं सर्वांत खालचं जोतं. आकडे मी दोनदा काढले, साहेबांनी एकदा तपासले.

गायरानातल्या त्या प्लॉटवर पाणी एक मीटर बहात्तर सेंटीमीटर चढलं होतं. नव्या वसाहतीचं सर्वांत खालचं जोतं पुराच्या सर्वोच्च पातळीपेक्षा तीन मीटर चाळीस सेंटीमीटर उंच होतं.